बनसोडे सरांचा जबाब

बनसोडे सरांना कुणी काही सांगितलं की ते आधी तेच परत म्हणून दाखवायचे. कँटीनमधला वाढपी म्हणाला, "भात संपलाय, पोळी आहे," की सर म्हणायचे, "भात संपलाय, पोळी आहे. बरं." काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, गावाकडून फोन आला तर पलीकडचं आम्हाला ऐकू यायचं नाही, पण सरांच्या तोंडून सगळा निरोप कळायचा. "विहिरीवरल्या मोटारीची पेटी जळाली. वायरमन उद्या येणार. शुक्रवारी निघतो, न्हाय जमलं तर कळवतो." शुक्रवारी त्यांना बहुतेक वेळा जमायचं नाही, आणि ते तसं कळवायचे.

आमच्या कामात ही सवय लावूनच घ्यावी लागते. आम्ही हवाई वाहतूक नियंत्रक. आकाशात एका विमानापासून दुसरं विमान ठरलेल्या अंतरावर ठेवायचं, एवढंच आमचं काम. पायलटला जे सांगितलं ते त्यानं परत म्हणून दाखवायचं, आपण ते कान देऊन ऐकायचं, आणि चुकीचं म्हणाला तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. सगळ्या कामाचा पाया हाच. पण आम्ही बाकीचे ही सवय हेडफोनबरोबर काढून ठेवायचो. सरांच्या ती अंगात मुरली होती. अठ्ठावीस वर्षं झाली होती त्यांना त्या खुर्चीवर.

मी कळंबची. वडील एसटीत कंडक्टर. परीक्षा देऊन निवड झाली, प्रशिक्षण झालं आणि प्रत्यक्ष कामाचे धडे घ्यायला एका मोठ्या शहरातल्या नियंत्रण केंद्रात रुजू झाले. लोकांना वाटतं की आम्ही उंच मनोऱ्यात काचेमागे बसून विमानं बघतो. तसे बसणारेही असतात. आमची खोली मात्र बिनखिडक्यांची होती. आत कायम थंडी, कायम अंधुक उजेड, आणि पडद्यावर सरकणारे हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याशेजारी विमानाचा नंबर आणि उंची. पहिल्या दिवशी सरांनी आमच्या नावांची यादी वाचली आणि विचारलं, "कळंबचं कोण हाय?" मी हात वर केला. "मी ईटचा," ते म्हणाले. "भूम तालुका." आणि पुढचं नाव वाचलं. एवढीच ओळख.

त्यानंतर मी त्यांची प्रशिक्षणार्थी झाले. मी खुर्चीवर, ते माझ्या उजव्या बाजूला. दोघांच्या कानांत एकच आवाज. मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं, आणि मी चुकले तर त्यांनी बटण दाबून माझ्या आधी बोलायचं. नियमानं त्या जागेची सगळी जबाबदारी त्यांची. माझ्याकडं अजून परवाना नव्हता.

सर दिसायला कायम दमलेले असायचे. डोळ्यांखाली काळं, शर्टाची कॉलर घासलेली, खांदे थोडे पुढं आलेले. ड्युटीवर बसायच्या आधी ते न चुकता तोंडावर पाणी मारायचे आणि तोंड न पुसता आत यायचे. "पुसलं की परत झोप येती," असं त्यांचं म्हणणं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माइकवर त्यांचं इंग्रजी स्वच्छ, एकही शब्द जास्तीचा नाही. माइक बंद झाला की लगेच ईट. "काय बघायलाव तिकडं? खालच्या कोपऱ्यात बघा. तिथनं येणार हाय त्यो." मला ते तुम्ही म्हणायचे. सगळ्याच प्रशिक्षणार्थींना म्हणायचे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकेरी हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम होता.

ते कधी ओरडले नाहीत. मी घाई केली की फक्त म्हणायचे, "घाई पायलटला हाय. आपल्याला न्हाय." पहिले चार दिवस त्यांनी मला बोलूच दिलं नाही. नुसतं ऐकायचं आणि पायलट काय परत म्हणाला ते वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी त्यांनी वही बघितली. एका ठिकाणी पायलटनं चुकीची उंची म्हटली होती आणि मी बरोबर लिहिली होती. "तुमी कानानं ऐकलं न्हाय," ते म्हणाले. "त्यानं काय म्हणायला पायजे ते तुमाला ठाऊक होतं, तेच तुमी ऐकलं." तेव्हा मला ते शाळेतल्या मास्तरांसारखं वाटलं होतं. चुका काढायच्या म्हणून काढलेली चूक.

ईटच्या लोकांना सर नेमकं काय करतात हे शेवटपर्यंत कळलं नसावं. त्यांची आई विमानाला इमान म्हणायची आणि विचारायची, "तू इमान हाकतुस, मग आमच्यावरनं जाताना खाली का बघत न्हाईस?" सरांचा एक चुलतभाऊ होता, शेतात असताना डोक्यावरून विमान गेलं की तो फोन लावायचा. "दादा, आत्ता गेलं ते तुमचंच का?" सर ड्युटीवर नसतील तर खरोखर हिशेब करून सांगायचे, की ते हैदराबादहून आलं असेल, ते आमच्याकडं नसतं, दुसऱ्या केंद्राकडं असतं. चुलतभावाचं समाधान व्हायचं नाही. एकदा गावातल्या कुणाच्या तरी लग्नात अक्षता पडायच्या वेळी विमान मांडवावरून न्यायची विनंती आली होती. सरांनी ती सगळी शांतपणे ऐकली, परत म्हणून दाखवली आणि म्हणाले, "त्या टायमाला तिकडनं एक जातंच. पाच-धा मिनिटं इकडंतिकडं." ते गेलं. तेव्हापासून ईटमध्ये सरांचा शब्द फार वजनदार झाला. हे सांगताना ते हसले नाहीत, पण डबा झाकताना त्यांचे खांदे हलत होते.

आता त्या दिवसाचं सांगते.

त्या आठवड्यात दोन प्रशिक्षक आजारी होते. कुणीतरी दुसऱ्याची ड्युटी उचलायची, ही आमच्याकडं रीतच होती. सर नाही म्हणत नसत. सकाळची ड्युटी संपवून ते दुपारच्या ड्युटीलाही माझ्याशेजारी बसले. सलग तिसरा दिवस होता तसा. तोंडावर पाणी मारून आले, हनुवटीवरून थेंब गळत होते. अडीच-तीनचा सुमार. त्या वेळी वाहतूक थोडी मंदावते आणि जेवणानंतर खोलीतली थंडी डोळ्यांवर येते.

पडद्यावर एकाच कंपनीची दोन विमानं होती. एकाचा नंबर चारशे बासष्ट, दुसऱ्याचा चारशे सव्वीस. मी चारशे बासष्टला खाली उतरायला सांगितलं. उत्तर आलं चारशे सव्वीसचं. त्यानं स्वतःचा नंबर स्पष्ट म्हटला, उंची म्हटली, आणि उतरायला लागला. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. बासष्टनं मान्य केलं असं धरून पुढच्या विमानाकडं वळले. चारशे सव्वीस तेव्हा पस्तीस हजार फुटांवर होतं आणि त्याच्या खाली एक हजार फुटांवर, आडवं, तिसरंच एक विमान येत होतं.

सरांनी ते ऐकायला हवं होतं. मी उजवीकडं बघितलं, कारण त्यांचा "हं" आला नव्हता. प्रत्येक उत्तरानंतर ते बारीक "हं" करायचे. सरांची मान ताठ होती, हात टेबलावर होते, आणि डोळे मिटलेले होते.

मी त्यांना हाक मारली नाही. का मारली नाही, हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. दमलेत, दोन मिनिटं जाऊ देत, मला जमतंय, असं काहीतरी मनात आलं. कीव आली आणि थोडा अभिमानही वाटला. मग पडद्यावर दोन ठिपके लाल होऊन लुकलुकायला लागले आणि इशाऱ्याचा आवाज सुरू झाला.

मी बटणावर बोट ठेवलं, पण कुणाला कुठं वळवायचं ते ठरेना. सरांनी डोळे उघडले. पडदा बघायला त्यांना एक श्वास लागला असेल. त्यांनी माझी खुर्ची हातानं मागं ढकलली आणि बटण दाबून एकाला डावीकडं वळवलं, दुसऱ्याला उजवीकडं. आवाज रोजचाच. पायलट परत म्हणाले, सरांनी ऐकलं, "हं" केलं. मग खऱ्या चारशे बासष्टला त्याचं काम सांगितलं. ठिपके पुन्हा हिरवे झाले. पाच मैलांचं अंतर हवं होतं, ते दोनच्या आसपास येऊन गेलं होतं. त्या विमानांत बसलेल्या लोकांना एक जोराचं वळण जाणवलं असेल, कुणाचा चहा सांडला असेल. बाकी काही नाही.

लगेच दुसऱ्या नियंत्रकानं जागा घेतली. नियमच तसा आहे. बाहेर पॅसेजमध्ये मी भिंतीला टेकून उभी होते. सर आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "खाऊन घे. आता लई लिहायचं हाय."

संध्याकाळी मी माझा जबाब लिहिला. काय सांगितलं, काय ऐकलं, कुठं चुकले, सगळं खरं लिहिलं. शेवटी एक प्रश्न होता: प्रशिक्षकांचं लक्ष होतं का? खोलीतले आवाज सगळे टेपवर असतात, पण मिटलेले डोळे टेपवर येत नाहीत. ते फक्त मी पाहिले होते. मी लिहिलं, "होय, पूर्ण लक्ष होतं." सही केली. मला वाटलं, आज दिवसभरात एक तरी गोष्ट मी धड केली.

दोघांनाही कामावरून बाजूला ठेवलं. चौकशी होईपर्यंत मला सुट्टी मिळाली. मी कळंबला आले. घरी आईला काही सांगितलं नाही, वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणसं उतरली ना नीट?" उतरली, म्हटलं. "मग जेव."

पाचव्या दिवशी दुपारी दारात बनसोडे सर उभे. ईटहून दोन एसट्या बदलून आले होते. पँटवर धुळीचा थर, हातात कापडी पिशवी. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला. वडिलांनी खुर्ची पुढं केली. सर खुर्चीच्या कडेवर बसले, जसे ते कामावर कधीच बसत नसत.

काही वेळ रस्त्यांचं आणि गाड्यांचं बोलणं झालं. मग सर माझ्याकडं वळले. चौकशी समितीनं त्यांना पुन्हा बोलावलं होतं. सरांनी स्वतःच्या जबाबात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "माझा डोळा लागला होता." समितीनं माझा कागद पुढं ठेवला आणि विचारलं, ही मुलगी तर म्हणते तुमचं पूर्ण लक्ष होतं, यातलं खोटं कोण?

"तू पाहिलं होतंस," सर म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मी हो म्हटलं.

"मग असं का लिहिलंस?"

मी काहीतरी बोलले. चूक माझी होती, तुमची अठ्ठावीस वर्षं, असं. वडील मधे पडले. म्हणाले, "साहेब, पोरीनं तुमच्यासाठी केलं. आता ती आपलं लिहिलेलं खोटं हाय म्हणाली तर तिची नोकरी ऱ्हाईल का? तुमीच तुमचा कागद बदला. डोळा न्हाई लागला म्हणा. कुणी बघितलंय?"

सरांना राग आला नाही. ते वडिलांना म्हणाले, "तुमच्याकडं डायव्हरला झोप आली तर काय करता?"

"गाडी बाजूला घ्यायला लावतो," वडील म्हणाले. "तोंड धुवायला लावतो. चहा पाजतो."

"आमच्याकडं बाजूला घ्यायला जागा न्हाय," सर म्हणाले.

वडिलांनी तीस वर्षं डबल ड्युट्या केल्या होत्या, त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

मग सर मला म्हणाले, "पोरी, तुला वाटतंय तू मला वाचवलंस. तुझा कागद खरा धरला तर काय ठरतं? प्रशिक्षक जागा होता, ताजा होता, तरी पोरीनं चूक केली. म्हंजी पोरगी वाईट. झालं, फाइल बंद. आन् परवा त्याच खुर्चीवर दुसरा कुणी तिसऱ्या दिवशी सलग बसंल. त्याचाबी डोळा लागंल. तवा बाजूला बसलेलं तुझ्यासारखंच कुणीतरी आसंल, कीव करणारं." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मला झोप लागली ही एक चूक. तू मला हलवलं न्हाईस ही दुसरी. ती तर टेपवर न्हाई, तुझ्या कागदावर न्हाई, माझ्याबी न्हाई. ती तूच लिहायची."

मला रडू आलं. सरांनी समजूत घातली नाही. चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि पुढच्या गाडीची वेळ विचारली. वडील त्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि बऱ्याच उशिरा परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "तुझे सर गाडीत बसल्याबरोबर झोपले. मी कंडक्टरला सांगितलंय, वाशीला गाडी बदलायची हाय, तिथं उठव म्हणून."

मी जाऊन दुसरा जबाब दिला. डोळे मिटलेले पाहिले, हाक मारली नाही, आणि आधी खोटं लिहिलं, हे तिन्ही लिहिलं. समितीतल्या एका बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं की हे कुणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, बनसोडे सरांच्या. त्यांनी ते लिहून घेतलं. नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली, आणि प्रशिक्षण पहिल्या दिवसापासून, दुसऱ्या प्रशिक्षकाकडं. माझ्याबरोबरचे सगळे परवाना घेऊन पुढं गेले, मी मागं राहिले.

सरांचा प्रशिक्षकाचा अधिकार गेला. त्यांना तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. त्यांच्या जबाबाच्या शेवटी एक विनंती होती, की सलग दोन ड्युट्या केलेल्या माणसाला प्रशिक्षणार्थीबरोबर बसवू नये. बऱ्याच महिन्यांनी ड्युटीच्या तक्त्याखाली तशी ओळ छापून आली. कुणाला आनंद झाला नाही. ड्युट्यांची अदलाबदल बंद झाली, सणावाराला रजा जुळवणं अवघड झालं. लोक तक्त्यासमोर उभे राहून सरांच्या नावानं चरफडायचे. दुपारच्या चहाला त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. मी जायचे. एकदा मी विचारलं, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "वाटतं की. रोज वाटतं." आणि चटणीचा डबा माझ्याकडं सरकवला. तिथं खाली काम फार नव्हतं. तरी ते दमलेलेच दिसायचे, उलट जास्तच. पुढच्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ईटला गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, गेल्या हिवाळ्यात. मी घरी आले होते आणि परत जायला येडशीहून गाडी होती. सरांना फोनवर सहज सांगितलं, तर स्टेशनवर ते आणि काकू आधीच येऊन बसलेले. काकूंच्या बहिणीकडं येडशीला आलोय, असं त्यांनी सांगितलं. ते खरं असेल किंवा नसेल. सर खूप वाळले होते. गुडघे दुखतात म्हणाले. शेतात फारसं होत नाही, विहारात संध्याकाळी बसतो, पेपर वाचून दाखवतो. कामाचं त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही.

गाडीला उशीर होता. काकू चहा आणायला गेल्या तेव्हा मी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून माझ्याशेजारी प्रशिक्षणार्थी बसणार आहे. मला प्रशिक्षक केलंय.



"चुकंल ते," ते म्हणाले. "चुकू दे. तू फक्त ऐकत ऱ्हा."

"हो."

"आन् त्याला पहिल्याच दिवशी सांग, माझा डोळा लागला तर मला हलव म्हणून. मी तुला सांगितलं न्हवतं." मग म्हणाले, "सांगायला पायजे होतं. मला लाज वाटली असती."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं तो उभ्यानंच प्यायलो.

गाडी आली ती दोन मिनिटंच थांबली. मी चढले, सामान लावलं आणि खिडकीशी आले तेव्हा गाडी हलली होती. काकू हात हलवत होत्या. सर बाकावर बसले होते, चपला काढून, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून. जवळच्या रामलिंगाच्या जंगलातलं एक वानर बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसलं होतं. काकू त्याला हुसकायला वळल्या. सरांनी हातानंच त्यांना राहू दे म्हटलं, पिशवीतून अर्धी भाकरी काढली, मोडली, आणि एक तुकडा बाकावर ठेवून उरलेली स्वतः खायला लागले.